मागच्या सीटवरचे तात्यासाहेब

आप्पासाहेबांची गाडी खाली बसली ती ऐन दिवेलागणीला, आणि आत चिटपाखरूही नसताना.

काळी, लांबलचक जर्मन गाडी. वाळूजला कारखाना उभारायला आलेला एक गोरा साहेब मायदेशी परतताना विकून गेला होता. पळायला लागली की रस्ता पुरायचा नाही, आणि असली दुसरी अख्ख्या मराठवाड्यात नव्हती. आप्पासाहेबांनी पडेगावची जमीन कारखान्यांना देऊन ती घेतली. आता तिला पेट्रोल पाजता पाजता नाकी नऊ आले, म्हणून उरलेला विहिरीवरचा मळाही त्यांनी विकायला काढला होता.

त्यांचे वडील तात्यासाहेब दिवाळीआधी वारले. देह असा भारदस्त, की मागं बसले तर छकडा उलाळ होऊन पुढून उचलला जायचा. गाडीला ते येताजाता शिव्या घालायचे, पण रोज संध्याकाळी मागच्या सीटवर डाव्या अंगाला बसून मळ्यापर्यंत जायचे. दार मात्र त्यांनी कधी हातानं उघडलं नाही. लेकानं उतरून, वळसा घालून ते उघडायचं. तोवर म्हातारा ढिम्म बसून राहायचा.

त्यातच विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर तापलं. आज बंद, उद्या संचारबंदी. मळ्याचं खरेदीखत लांबलं आणि गाडी पत्र्याच्या शेडमध्ये नुसती उभी राहिली.

त्या संध्याकाळी आप्पासाहेब शेडमध्ये डोकावले तर कुणीतरी दमून श्वास सोडावा तसा आवाज आला. बघतात तर मागची चाकं निम्मी झाकलेली, आणि गाडी अजून हळूहळू खालीच चाललेली. त्यांनी बायकोला हाक मारली. मनकर्णाबाई आल्या, त्यांनी एकदा पाहिलं, डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि दाराआड झाल्या.

"मामंजी बसलेत," त्या हळूच म्हणाल्या.

शेजारचा मेंढरंवाला सोनाजी आला. त्यानं वहाणा बाहेर काढल्या आणि मागच्या काचेला रामराम घातला. त्याचं कुत्रं मात्र शेपूट घालून फाटकापाशीच थांबलं.

"आप्पा, कायगावच्या घाटावर काय कबूल केलं व्हतं?" सोनाजीनं विचारलं.

आप्पासाहेबांना तो दिवस आठवला. दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नव्हता. ऊन चढलेलं, पाहुणे भुकेनं व्याकुळ. तेव्हा "मळा इकणार नाय, तात्या," असं ते घाईघाईनं पुटपुटले होते आणि कावळ्यानं लगेच झडप घातली होती. पाहुण्यांचं जेवण निवत होतं म्हणून बोललो, हे आता तात्यासाहेबांना कोणत्या तोंडानं सांगणार?

मनकर्णाबाईंनी भाकरी-ठेच्याचं ताट आणलं. आप्पासाहेबांनी ते बॉनेटपुढं ठेवलं, तर बाईंनी दाराआडूनच खुणावलं, की मामंजी मागं आहेत. ताट मागं गेलं. आप्पासाहेबांनी हात जोडून मळ्याचा शब्द पुन्हा दिला, या वेळी मोठ्यानं, आणि गाडी चालू केली. गाडी सावकाश वर उचलली गेली. सोनाजीनं तिथंच लोटांगण घातलं.

बंद उठला तसा शहरातून मोईनमिस्त्री आला. सगळं ऐकून तो पोट धरधरून हसला. या गाडीला स्प्रिंगा नाहीत, तेलाच्या दाबावर उभी राहते, चार दिवस बंद राहिली की बसते, चालू केली की उठते, हे त्यानं समजावून दिलं. "कुछ नई साब, तेल का खेल है," तो म्हणाला.

आप्पासाहेबांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी लगोलग कोट चढवला. मळा घेणारा शहरात क्रांती चौकात वाटच पाहत होता. आपण मळ्याचं उरकून येतो, असं त्यांनी बायकोला सांगितलं. "जावा," एवढंच त्या म्हणाल्या. मिस्त्रीही सोबत निघाला.

गाडी चालू झाली. पुढून उठली, मागून उजवीकडं उठली. मागचा डावा कोपरा मात्र खालीच राहिला.

मिस्त्री खाली झोपून बघून आला. तेल पुरेसं होतं, गळती कुठंच नव्हती. त्यानं डिकी उघडली, तीही रिकामी. त्याचं हसू आता कुठं दिसेना. मनकर्णाबाईंनी पदर पुढं ओढला आणि त्या घरात गेल्या.

"साब, आप चलो," मिस्त्री म्हणाला. "मैं बस पकडता."

आरशात बघायची आप्पासाहेबांची छाती झाली नाही. "बरं, तात्या," ते शेवटी म्हणाले आणि त्यांनी गाडी शहराकडं न नेता मळ्याकडं वळवली.

विहिरीपाशी त्यांनी गाडी उभी केली. कोपरा खालीच. त्यांनी जरा वाट पाहिली. मग त्यांच्या ध्यानात आलं. ते उतरले, मागून वळसा घालून गेले, डावं दार उघडून अदबीनं बाजूला उभे राहिले, आणि गाडीचा कोपरा हळूच वर आला.