मारुतीची थकबाकी

देशाने बाजाराची दारं उघडली त्या वर्षांत, तंजावूरच्या राजवाड्यामागे राहणाऱ्या तुळजारामरावांनी स्वतःचंही एक दार असावं असं ठरवलं. कीर्तन ठेवायचं म्हटलं तर भाड्याच्या खोलीत मृदंग ठेवला की कीर्तनकार भागवतर मावत नसत, आणि भागवतर मावले की श्रोते. त्यात घरमालकाने पोंगलपर्यंत खोली सोडायला सांगितलं होतं.

नवराबायकोच्या नावावर कर्ज काढायचं म्हणून दोघांनी वर्षभर पोटाला चिमटा घेतला. सोसायटीचं कर्ज फेडलं, सीतालक्ष्मीच्या बांगड्या गहाणातून सोडवल्या, काप्पीत कॉफी कमी करून चिकोरी वाढवली, आणि उरलं ते बँकेत टाकलं.

कर्ज अधिकारी गुरुमूर्तींनी कागद पाहून मान डोलवली आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"इतर काही देणं?"

सीतालक्ष्मीने टेबलाखाली नवऱ्याचा पाय दाबला. पण आदल्याच शनिवारी तुळजारामरावांनी सत्यासाठी राज्य घालवणाऱ्या राजाचं आख्यान ऐकलं होतं.

"आहे, सार. मुलाचा ताप उतरला तर मारुतीपुढे कीर्तन करवीन, असं बोललो होतो. राहिलंय."

"तारण?"

"शब्द दिलाय."

"म्हणजे विनातारण. मुदत टळलेलं." गुरुमूर्तींनी नोंद केली. "बाई, नवस तुमचाही?"

"मी काढा उकळत होते, सार."

"अर्ज जोडीचा, तेव्हा नवसही जोडीचा. देणं फिटल्याचा दाखला आणा."

देवस्थानच्या कारकुनाने दप्तर चाळलं. नवसाची नोंदच नव्हती, आणि ज्याची नोंद नाही ते फिटलं असा दाखला देता येत नव्हता. आधी फेडा, मग पावती मिळेल, असं ठरलं.

"मुलगा कॉलेजात जायला लागला," सीतालक्ष्मी घरी येताना म्हणाली. "मारुतीने कधी तगादा लावला? तुम्हीच त्याला वसुली शिकवताय."

नवसाचं कीर्तन म्हणजे मागून साऱ्या गल्लीला जेवण आलंच. भागवतरांनी त्याच राजाचं आख्यान लावलं. राजा स्मशानात उभा राहिला आणि सारी गल्ली रडली. आमंत्रणावरून आलेल्या गुरुमूर्तींना तर हुंदका आवरेना. पानावर बसल्यावर त्यांनी सांबार पुन्हा पुन्हा मागून घेतलं.

सोमवारी त्यांनी पावती डोळ्यांना लावून फाइलला जोडली.

"देणं शून्य. उत्तम. पण शिल्लकही शून्य दिसते. घराच्या किमतीतला तुमचा वाटा कुठून आणणार? नामंजूर करावं लागेल." मग आवाज मऊ करून म्हणाले, "रंगीत टीव्हीसाठी मात्र आजच देतो. त्याला नवस विचारत नाहीत."

"टीव्ही ठेवायला जागा, सार?"

"जागाही विचारत नाहीत."

मागे रांगेत घराच्याच कर्जासाठी गल्लीतलेच लोक होते; बोललेले नवस त्यांचेही राहिले होते. कालचं जेवण अजून त्यांच्या अंगावर होतं. तुळजारामराव उठले तसा एकेक जण खुर्चीवर येऊ लागला.

"इतर काही देणं?"

"छे, सार."

गुरुमूर्ती शिक्का मारत गेले.

पोंगलला तुळजारामराव गल्लीतल्याच आणखी लहान खोलीत गेले. तिथे मृदंगही मावला नाही. नव्या वसाहतीत मात्र ओळीने घरं उभी राहिली, कीर्तन मावेल अशी ऐसपैस. दर शनिवारी कुठल्या ना कुठल्या घरी तोच राजा राज्य सोडतो, आणि तुळजारामराव दाराशी, चपलांच्या शेजारी बसून ऐकतात. आत सगळे डोळे पुसत असतात.

तुम्हीही पुसले असतील. घर कर्जावरच घेतलंत ना? मग शेवटच्या रकान्यात काय लिहिलं होतंत?