बाल्कनीतली केळीबाग

निसर्ग घरात आणणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! असं मी मोहिनीला, म्हणजे माझ्या बायकोला, छाती फुगवून सांगितलं.

कारण होते आबा. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर वडिलांना आम्ही रावेरकडच्या गावाहून धुळ्याला, आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणलं. येताना त्यांनी सोबत काय घेतलं? दोन सदरे, एक धोतर आणि विळा! महिना झाला, माणूस आपला विळा मांडीवर घेऊन भिंतीकडे बघत बसलेला. अर्धी भाकरी खाऊन ताट सरकवायचे. जीव तुटायचा हो! डॉक्टर म्हणाले, "गुडघा ठणठणीत आहे. मन रमवा, नाहीतर हे उठणारच नाहीत."

मी डोळ्यांवर बांधायचा तो व्हीआर चष्मा आणला. आबांना बाल्कनीत खुर्चीवर बसवून आधी बर्फाचे डोंगर लावले.

"काय दिसतंय, आबा?"

"स्वेटर आन."

समुद्र लावला.

"खारं पानी. कसाले पाह्यचं?"

मग मला कुठल्याशा परदेशातली केळीबाग सापडली. आबा एकदम ताठ बसले!

"कोनाची बाग हाये रे हे?"

"आपलीच समजा!" मी उदारपणे म्हणालो. इथेच चुकलो.

"आपली? मंग एवढी पिलं कशी वाढू देली? घड पोसतीन कशे?"

केळीच्या बुडाशी फुटणारी ही पिलं वेळच्या वेळी कापली नाहीत, तर आमच्याकडे त्या शेतकऱ्याला कोणी मुलगी देत नाही. पण महिन्याभरात आबा एवढं बोलले नव्हते! मला भरूनच आलं. मी आत पळालो आणि डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टर, आबा बोलले! चक्क रागावले!"

तेवढ्यात बाल्कनीतून सपासप आवाज आला.

बघतो तर काय! आबा डोळ्यांवर चष्मा बांधून, काठीशिवाय, उभे! हातात विळा! मोहिनीने पोटच्या पोरांसारखी वाढवलेली जास्वंद, शेवंती, कढीपत्ता, मनीप्लांट, सगळी आडवी! छाटलेला पाला थेट खाली रस्त्यावर! खालून कोणीतरी ओरडलं, "अहो, कढीपत्ता पुरे!"

"आबा, थांबा!"

"थांबतो काय? एक ओळ बाकी हाये अजून!"

त्या संध्याकाळी आबांनी तीन भाकरी खाल्ल्या. सकाळी पिशवी भरून दारात हजर. "तुह्या बागेची हे गत, तं माह्या बागेची काय झाली असीन? मले बसमधी बसव."

डॉक्टरांनीही हसत परवानगी दिली. आबा आता गावी रोज बागेत असतात. चष्मा मात्र इथेच आहे. मोहिनी दर संध्याकाळी तो माझ्या डोळ्यांवर करकचून बांधते, त्यात फुलबाग लावते आणि म्हणते, "नीट बघा. आपली बाल्कनी अश्शी होती!"