होडी बघायला आलेला माणूस

“गिऱ्हाईक मी पन्नास पावलांवरून ओळखतो. तोंड बघायचं कामच नाही, नुसते बूट बघायचे!”

वर्न टोलेफसन हे गेली बत्तीस वर्षं सांगत आला होता. नेस्टका नदीवर भर हिवाळ्यात स्टीलहेड धरायला येणाऱ्या हौशी लोकांना आपल्या होडीतून न्यायचं, हा त्याचा धंदा. स्टीलहेड म्हणजे समुद्रात वाढून ऐन थंडीत नदी चढणारा रुपेरी मासा. आणि तो धरायला येणारा माणूस म्हणजे पहाटे चारला उठून, पदरचे पैसे मोजून, दिवसभर पावसात बसून स्वतःचे हाल करून घेणारा प्राणी. वर्नला आता दोघांचाही कंटाळा आला होता. वल्ही मारून मारून उजवा खांदा कामातून गेला होता. नाताळपासून एक दाढ ठणकत होती. “हा शेवटचा हिवाळा, मार्लिस. थकलो मी!” असं तो दर जानेवारीत बायकोला सांगायचा. सहा वर्षं मार्लिसने ते नुसतं ऐकून घेतलं. सातव्या वर्षी तिने त्यावर विश्वास ठेवला आणि होडी विकायची जाहिरात देऊन टाकली.

जाहिरात वर्नला विचारूनच दिली होती. म्हणजे तो खुर्चीत डुलक्या घेत असताना तिने विचारलं आणि तो “हं” म्हणाला. त्या बुधवारी रात्रीही तेच झालं.

“उद्या सकाळी सहाला एक माणूस होडी बघायला येणार आहे धक्क्यावर. तुझं गिऱ्हाईक साडेसहाला येतंय, म्हणून याला आधी बोलावलंय. ऐकतोयस ना?”

“हं.”

“काय म्हटलं मी?”

“हं.”

मार्लिसने बावीस वर्षं शाळेची बस चालवली होती. तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा. पण या हुंकाराच्या पलीकडे तोही कधी पोचला नव्हता.

उद्याचं गिऱ्हाईक म्हणजे पोर्टलंडचे मिस्टर स्ट्रँड, दातांचे डॉक्टर. त्यांनी आधीच अकरा पत्रं पाठवली होती. मी अनुभवी मासेमार आहे, मला शिकवू नये. मला नदीवर शांतता लागते, माझ्याशी गप्पा मारू नयेत. आणि अकराव्या पत्रात, खाली रेघ मारून: माझ्या धंद्याविषयी काहीही विचारू नये, लोक लगेच तोंड उघडून दाखवतात.

वर्नने गालावर हात ठेवून ते पत्र दोनदा वाचलं आणि निमूटपणे घडी घातली.

सकाळी सहाला धक्क्यावर मिट्ट काळोख होता. वरून बारीक पाऊस. छत्री घेतलेला एक उंच, सडसडीत माणूस दिव्याखाली उभा होता. वर्नने पन्नास पावलांवरून त्याचे बूट पाहिले. तपकिरी, निमुळते, पॉलिश केलेले! झालं. दातांचा डॉक्टर!

हा होता एल्डन व्हिटमर. धंदा पियानो सुरात लावण्याचा. स्वभाव असा, की कुणालाही नाही म्हणणं जन्मात जमलं नव्हतं. दारावर आलेल्या विक्रेत्यांमुळे त्याच्या घरी झाडलोटीची तीन यंत्रं झाली होती, आणि एकही चालत नव्हतं.

“पोर्टलंडहून?” वर्नने विचारलं.

“हो.”

“लवकर आलात.”

“बाईंनी सहा सांगितलं होतं.”

“मार्लिसने? बरं. लायसन्स आहे ना?”

होडी बघायला लायसन्स लागतं हे एल्डनला नवीन होतं. पण त्याने लगेच गाडीचं लायसन्स काढून दाखवलं. वर्नचा चष्मा पावसाने भरलेला. चौकोनी कागद दिसला, पुरे झालं!

“हे चढवा,” म्हणत त्याने छातीपर्यंत येणारी रबरी विजार आणि जाड कोट त्याच्या हातात कोंबला. मनात म्हणाला, अनुभवी मासेमार म्हणे! विजार उलटी घालतोय!

एल्डनला वाटलं, काय चोख माणूस आहे! होडी नुसती दाखवत नाही, पाण्यात बसवून दाखवतोय! काठाकाठाने एखादी फेरी मारू आणि परत येऊ. तो पुढच्या फळीवर बसला. वर्नने वल्ही उचलली. गाडी खालच्या धक्क्यावर नेऊन ठेवणारा माणूस नेहमीप्रमाणे वर्नची गाडी घेऊन निघून गेला. सव्वासहाला होडी काळोखात शिरली.

तिसऱ्या वळणावर एल्डन घसा खाकरून म्हणाला, “परत कधी फिरायचं?”

“परत?” वर्न हसला. “इथे परत येणं नाही. नदी खाली जाते, आपण तिच्याबरोबर जातो. नऊ मैल! दुपारी तीनला खालच्या धक्क्यावर.”

“तीनला?”

“लवकर होतंय का? चार करू.”

“नको नको! तीन अगदी छान आहे!” एल्डन घाईघाईने म्हणाला, आणि फळी घट्ट धरून बसला.

उजाडलं. दोन्ही बाजूंना भिजलेली झाडं आणि मधे हिरवट, बर्फासारखं पाणी. वर्नने गळाला गाभोळी, म्हणजे माशाची अंडी, लावून काठी त्याच्या हातात दिली. एल्डनने ती छत्रीसारखी धरली. पहिल्या फेकीत त्याने झाड धरलं. दुसऱ्या फेकीत वर्नची टोपी. तिसऱ्या फेकीत पुन्हा तीच टोपी! शिकवू नये म्हणून लेखी आलं होतं. त्याने टोपी गळावरून सोडवली, पिळली आणि पुन्हा डोक्यावर ठेवली. अशा शांततेत दोन तास गेले.

शेवटी एल्डनलाच राहवेना. आलोच आहोत तर निदान मालाची चौकशी करावी!

“किती वर्षं झाली असतील?” त्याने विचारलं.

“मार्चात एकसष्ट पूर्ण होतील.”

एल्डनने चकित होऊन होडीवरून हात फिरवला. “एकसष्ट! आणि अजून सगळं नीट चालतंय?”

“खांदा गेलाय. बाकी चालवून घ्यायचं.”

होडीचा खांदा कुठे असतो ते एल्डन बराच वेळ शोधत राहिला. मग त्याने मुख्य मुद्द्याला हात घातला. होडी हवी होती त्याची बायको बर्निस हिला, अंगणात ठेवून आत डेलियाची फुलझाडं लावायला.

“एक विचारू का? राग मानू नका. खाली तळाला भोकं पाडली तर चालतील?”

वर्नची वल्ही हवेतच थांबली. “कशाला?”

“पाणी जायला.”

“भोकातून पाणी येतं, साहेब! जात नाही!”

“पण नाही पाडली तर मुळं कुजतात.”

वर्नने बत्तीस वर्षांत तऱ्हेतऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली होती. होडीत रडणारी, गाणारी, माशाला शिव्या देणारी. पण भर नदीत होडीला भोकं पाडू पाहणारं हे पहिलंच! त्याने हळूच पाय लांब केला आणि हत्यारांचा डबा स्वतःच्या फळीखाली ओढून घेतला.

“भोकांचं आपण काठाला लागल्यावर बघू,” तो लहान मुलाला समजावतात तसा म्हणाला.

“अगदी! तुमच्या सवडीने!”

दुपारी एका शांत डोहात वर्नने नांगर टाकला, गळ पाण्यात सोडून काठी कडेच्या खोबणीत उभी केली आणि जेवण काढलं. पहिल्या घासाला पावाची कडक कड नेमकी दुखऱ्या दाढेखाली आली. डोळ्यांपुढे काजवे चमकले! अकरा पत्रं, खाली मारलेली रेघ, सगळं विसरून वर्न पुढे सरकला.

“साहेब, माफ करा. मला ठाऊक आहे तुम्हाला हे आवडत नाही. पण जरा बघता का? ही. डावीकडची. आऽऽ!”

एल्डनला नाही म्हणता येत नव्हतं. त्याने चष्मा पुसला, वाकून आत पाहिलं. अगदी मन लावून.

“एक काळी आहे,” तो म्हणाला.

“आऽ... काढावी लागेल?”

“ते मी कसं सांगू?”

“तुम्ही नाही सांगणार तर कोण सांगणार?”

“दातांचा डॉक्टर सांगेल!”

वर्नचं तोंड उघडंच राहिलं. “मग तुम्ही कोण?”

“मी पियानो लावतो.”

नदी वाहत होती. पाऊस पडत होता. वर्नने सावकाश तोंड मिटलं.

“स्ट्रँड नाही तुम्ही?”

“व्हिटमर. होडी बघायला आलोय. बाईंशी फोनवर बोलणं झालं होतं.”

“कुठली होडी?”

“हीच.”

“ही माझी होडी आहे!”

“म्हणून तर तुमच्याकडून घेतोय!”

मग वर्नच्या डोक्यात एकेक “हं” उजेडात यायला लागला. जाहिरातीचा हं. बुधवारचा हं. सकाळी साडेसहापासून एक दातांचा डॉक्टर वरच्या धक्क्यावर पावसात उभा आहे! इथे दरीत फोन लागत नाही! उलटं जाता येत नाही! आणि हा माणूस मासेमारीच्या परवान्याशिवाय सकाळपासून गळ टाकतोय!

“अहो, पण सहा तास झाले! बोलला का नाहीत?”

“तुम्ही इतक्या मनापासून विकत होतात,” एल्डन ओशाळून म्हणाला. “मधेच थांबवणं बरं दिसेना.”

“मी काही विकत नव्हतो! आणि भोकं? भोकं कसली?”

“डेलियाची. म्हणजे, बर्निसच्या डेलियांची. अंगणात ठेवणार आहे ती.”

“माझ्या होडीत फुलं?” वर्न उठून उभाच राहिला. “बत्तीस वर्षं या फळीवर मी...”

तेवढ्यात खोबणीतली काठी धाडकन वाकली!

“धरा!” वर्न ओरडला. परवाना बिरवाना सगळं डोक्यातून गेलं. एल्डनने दोन्ही हातांनी काठी धरली आणि होडीच्या टोकापर्यंत ओढला गेला. समोर पाण्यातून हातभर लांब चांदी उसळली आणि पुन्हा आत गेली. काठीवरचं दोरीचं रीळ किंचाळत फिरू लागलं.

“ओढू नका! जाऊ द्या! आता गुंडाळा! टोक वर! वर म्हणजे आभाळाकडे, माझ्याकडे नाही!”

“दोरी वाजतेय!” एल्डन ओरडला. त्याचे डोळे विस्फारले होते. “ऐकताय का? काळी चार! अगदी स्वच्छ काळी चार!”

“सूर राहू द्या, गुंडाळा!”

“आता चढतेय! पांढरी सहा!”

वीस मिनिटांनी मासा जाळ्यात आला. वर्नने पाण्यातच धरून त्याची पाठ पाहिली. पाठीवरचा छोटा पर शाबूत होता. म्हणजे रानटी मासा, मत्स्यकेंद्रात वाढवून, पर कापून नदीत सोडलेला नव्हे. तो सोडावाच लागतो. त्यातून इथे परवाना तर अजिबातच नव्हता! वर्नने घाईने गळ काढला आणि एल्डनचा हात धरून पाण्यात घातला.

“शेपटीपाशी धरा. हलकेच. तो स्वतः जाईल.”

एल्डनने धरलं. माशाच्या अंगावर गुलाबी झाक होती. कल्ले उघडत होते, मिटत होते. मग शेपटीचा एकच फटका बसला, एल्डनचं तोंड पाण्याने भरलं, आणि हात रिकामा. तो तसाच गुडघ्यांवर बसून राहिला. थंडीने दात वाजत होते, पण काठाला लागू या असंही म्हणेना.

शेवटी तो म्हणाला, “वर्न, भोकं नाही पाडणार.”

“मग डेलिया?”

“घरात जुना टब आहे. त्यात लावेल ती. मला वल्ही मारायला शिकवाल?”

उरलेल्या चार मैलांत वर्नने त्याला वल्ही दिली. होडी तीनदा गरगर फिरली, एकदा खडकावर चढली. पण खांद्याला आराम होता. पुढच्या फळीवर बसून जाताना नदी कशी दिसते हे वर्नने बत्तीस वर्षांत पाहिलंच नव्हतं. आपली होडी चालली हे बरं झालं की वाईट, याचा निकाल मात्र शेवटच्या वळणापर्यंत लागेना.

खालच्या धक्क्यावर मार्लिस उभी होती. शेजारी टोपी घातलेला एक लालबुंद माणूस. वर्नने ओळखलं. या वेळी बूट बघायची गरज पडली नाही.

“मिस्टर स्ट्रँड!” तो होडीतूनच हात जोडायच्या बेतात म्हणाला. “माझी चूक झाली! सगळी माझीच...”

“कसली चूक?” स्ट्रँड म्हणाले आणि बाजूला झाले. मागे गवतावर एक जाडजूड स्टीलहेड पडला होता. पर कापलेला, घरी न्यायला मोकळा. “नऊ वर्षं येतोय मी या नदीवर! नऊ! नऊ वर्षांतला हा पहिला मासा!”

वर्नने बायकोकडे पाहिलं.

“सातला घरी फोन करून ओरडत होते,” मार्लिस म्हणाली. “मग काय करणार? माझ्या वडिलांच्या गोठ्यामागे वळण आहे ना, तिथे नेलं. लहानपणी मी तिथेच मासे धरायची. धंद्याचा परवाना दोघांच्या नावावर आहेच आपला. यांना म्हटलं, दोरी फार सोडता तुम्ही. मी सांगते तेवढं करा.”

“मी पुढच्या वर्षीचे तीन दिवस बाईंकडे ठरवून टाकलेत,” स्ट्रँड म्हणाले. “माझे दोन मित्रही येतायत. काठावरून! होडीची काही गरजच नाही!”

“गरज नाहीच,” मार्लिस म्हणाली. “होडी हे घेतायत ना?”

“घेतोय! घेतोय!” एल्डन चिखलात उतरता उतरता म्हणाला, आणि पाय घसरून बसला.

वर्नने होडी गाडीच्या मागे चढवली. दाढ ठणकत होती. स्ट्रँड दोन हातांवर उभे होते. पण आता त्यांना विचारायला तोंड राहिलं नव्हतं. होडी बांधून झाल्यावर तो मार्लिसजवळ गेला आणि हळूच म्हणाला, “मग मी काय करायचं?”

“तू थकलायस ना?” मार्लिसने माशाला गवतातून उचललं आणि डब्यातल्या बर्फात ठेवलं. “थक आता निवांत!”

आणि ती स्ट्रँडना पुढच्या वेळी आणायच्या सामानाची यादी सांगायला निघून गेली. वर्न गाडीत जाऊन बसला. डोळे मिटले. पाचएक मिनिटं त्याने थकायचा अगदी मनापासून प्रयत्न केला. पण यादीत ती काहीतरी चुकीचं सांगत होती, आणि काच खाली करून ओरडल्याशिवाय त्याला राहवेना.

“मार्लिस! गाभोळी मिठातली सांग! मिठातली!”

“हं,” मार्लिस म्हणाली.