दुसरी सही

प्रश्नपत्रिकेचं पाकीट फोडायला दोन परीक्षार्थींच्या सह्या लागतात आणि वर्गात परीक्षार्थी एकच होती. तेजस्विनी.

गंगापूर रोडवरून आत वळल्यावर लागणाऱ्या एका लॉ कॉलेजातली, दोन हजार दोन सालची ही गोष्ट. विषय होता युरोपीय आणि आंतरराष्ट्रीय आर्थिक कायदा. नाव भारदस्त, शिकवायला कुत्रं नाही. तेजस्विनीनं पुण्याहून झेरॉक्स आणून एकटीनं डोकेफोड केली होती. या पेपरात साठ मार्क पडले तर याच विषयात पुढं शिकायला पुण्यात जागा मिळणार होती. नाहीतर कळवणला मामाच्या ओळखीतल्या वकिलाकडं बसून बांधाच्या भांडणांच्या तारखा घ्यायच्या, असं घरच्यांनी ठरवून टाकलं होतं.

"सर, साडेदहा वाजले. पेपर द्या."

"सील शाबूत असल्याच्या दोन सह्या लागतात," पर्यवेक्षक खैरनार सर म्हणाले. "तुझी एक. दुसरी?"

"दुसरं कुणी आहेच कुठं?"

"मग अडचण आहे." अडचण सापडल्याच्या समाधानात सर खुर्चीत बसले.

"तुम्ही करा ना सही."

"म्हणजे उद्या माझी चौकशी."

"वाळूमामांची घ्या."

"वाळू शिपाई. नियमात परीक्षार्थी म्हटलंय."

"शेजारच्या वर्गात एवढे परीक्षार्थी बसलेत."

"ते कामगार कायद्याचे."

सरांनी विद्यापीठात फोन लावला. तिकडच्या माणसानं तोच नियम मोठ्यानं वाचून दाखवला आणि फोन ठेवला. असले नियम करणारे कधी एकट्यानं परीक्षेला बसलेले नसतात.

शेवटी वाळूनंच यादीत डोकं घातलं. "सर, दुसरं नाव हाय की. गोरक्ष."

हा गोरक्ष गिरणाऱ्याचा. एका पोरीसाठी विषय चालवता येत नाही म्हणून क्लार्कनं त्याचं नाव त्यात घातलं होतं. त्याची हरकत नव्हती. त्यानं ॲडमिशनच मुळी एसटीच्या विद्यार्थी पाससाठी घेतली होती. रोज सवलतीत शहरात यायचं आणि फुलं विकायची.

वाळू सरांची लुना घेऊन फुलबाजारात गेला आणि तसाच परत आला. "येत नाय म्हणतो. उद्या दसरा हाय, झेंडू कोण इकंल म्हणतो."

"बघ, आम्ही प्रयत्न केला," सर म्हणाले.

तेजस्विनीनं लुनाची चावी वाळूच्या हातातून ओढली आणि स्वतः गेली.

"ताई, मी त्या कायद्याचं एक अक्षर वाचलेलं नाय," गोरक्ष म्हणाला.

"वाचू नकोस. सही कर."

"आन झेंडू?"

"झेंडू घेऊन चल."

रिक्षात क्रेट, क्रेटवर गोरक्ष, मागं लुना, अशी ती वरात कॉलेजात पोचली. सह्या झाल्या, सील तुटलं. तोवर तास गेला होता. वाढीव वेळ मिळणार नव्हता, हे सांगायला सर विसरले नाहीत.

सही करून गोरक्ष उठला.

"कुठं निघालास?" सरांनी विचारलं. "शेवटचे दोन परीक्षार्थी एकदमच बाहेर पडतात."

"आवो, पयले बी आम्ही दोघं आन शेवटचे बी आम्हीच?"

"हो."

गोरक्ष कपाळाला हात लावून तेजस्विनीच्या शेजारच्या बाकावर बसला. गेटवर वाळू झेंडू विकायला लागला आणि त्याचे भाव ऐकून गोरक्षचा जीव वरखाली व्हायला लागला.

"वाळूमामा, वीस नाय, तीस सांगा," तो खिडकीतून ओरडला.

"परीक्षार्थीनं खिडकीतून बोलू नये," सर म्हणाले. मग विचार करून म्हणाले, "वीसनं देतोय का तो?" आणि पिशवी घेऊन खाली गेले ते बराच वेळ आले नाहीत. तेजस्विनीनं मान वर केली नाही. तीन तासांचं दोन तासांत कोंबताना तिचं अक्षर कोंबडीच्या पायांवर गेलं होतं.

जानेवारीत निकाल लागला. तेजस्विनी चौपन्न, गोरक्ष त्रेसष्ट. तिनं फेरतपासणीचा अर्ज केला. बेरीज बरोबर असल्याचं उत्तर आलं. पुण्याचं बोलावणं गोरक्षला आलं.

ती तडक फुलबाजारात गेली. "काय लिहिलंस रे तू?"

"तुमचंच की, ताई," गोरक्ष हार ओवता ओवता म्हणाला. "सर खाली झेंडू निवडत व्हते ना, तवर. बसून तरी काय करायचं? तुम्ही लय घाईत लिहीत व्हता, वाचता वाचता डोळे गेले माझे. मी आपलं जमेल तेवढंच घेतलं, पण मोत्यासारखं काढलं."

"आणि आता पुण्याला जाणार तू?"

"जातो की. तिथला फुलबाजार लय मोठा हाय म्हणत्यात." त्यानं गाठ मारून दोरा दातानं तोडला. "ताई, तुमच्या नोट्स तेवढ्या देता का? पण येळ घेऊन, जरा नीट अक्षरात काढून द्या."