फसलेल्या वह्यांचा तह

श्री शारदा प्रसन्न. शके १९४६ क्रोधीनाम संवत्सरीं मधमाश्यांची जुनी मरी अनावर जाहली, तें वर्तमान साहेबीं पुसिलें. जैसें देखिलें तैसें लिहितों, पदरचें तिखटमीठ लावीत नाहीं.

राज्यांत प्रयोगशाळा दोन. डोंगरावरलीच्या मुख्य चंद्रभागाबाई धारप आणि नदीपलीकडलीचे त्र्यंबकराव रिसबूड. दोघेही थोर विद्वान आणि दोघेही भारी मानी. शास्त्रज्ञ मंडळींचा रिवाज ऐसा कीं, प्रयोग साधला तर छापून डंका पिटावा आणि फसला तर वही कपाटांत कोंडावी. धन्य ते शहाणपण! मग मरीनें जोर धरिला आणि पोळीं ओस पडलीं आणि सूर्यफूल पोचट राहिलें, आणि चैत्रापावेतों औषध न मिळे तर राज्यांत माशी उरत नाहीं, ऐसा प्रसंग आला. बाईंचें औषध मरीस मारी, परंतु माश्या तें चाटीत ना. एकोणचाळीस पाक करून पाहिले, सारे फसले. मग बाईंनीं फसलेली वही काढिली आणि नदीपलीकडे निघाल्या. तों त्यांची शिष्या वेणू आडवी जाहली, "बाई, हें काय मांडलंय? रावसाहेब तुमचं औषध स्वतःच्या नांवानं छापतील!"

बाई बोलिल्या, "छापोत. माश्या मेल्यावर नांव काय रिकाम्या पोळ्याला चिकटवूं?"

त्र्यंबकरावांनीं वही वाचिली आणि घाम पुसिला आणि उठून आपलेंही कपाट उघडिलें. त्यांचे वहींत लिहिलें होतें: पाक माश्या आवडीनें चाटितात, परंतु आंतील आमच्या औषधानें मरी हटत नाहीं, सबब प्रयोग फसला. मग बाईंचें औषध रावांचे पाकांत घातलें आणि माश्या तुटून पडल्या, आणि आठां दिवसांत पोळीं गुणगुणूं लागलीं. वेणू तर नाचूंच लागली! बाईंनीं मात्र दोन्ही वह्यांवरील तारखा ताडून पाहिल्या. "रावसाहेब, तुमचा पाक दोन वर्षांपूर्वींचा?"

"होय, बाई. आणि तुमचें औषधही."



तात्पर्य, मरी हटली, फसलेल्या वह्या सर्वांस खुल्या ठेवाव्या ऐसा हुकूम जाहला, आणि तो आजही चालतो, फार उत्तम चालतो. दोघांनीं मिळून लेख छापिला. त्याची पहिली ओळ बाईंनीं सांगितली आणि रावांनीं लिहिली: "हें औषध दोन वर्षांपूर्वींच सांपडलें होतें, आम्हीं एकमेकांस सांगितलें नाहीं."