नॉट सपोर्टेड

आमच्या सर्व्हरचं बायोस मीच बदलायचं ठरवलं, कारण कंपनीने ‘नाही’ म्हटलं. (मी पेपरात लिहितो; मला ‘नाही’ म्हणून लातूर-नांदेडात एकही अधिकारी सुखाने निवृत्त झालेला नाही.)

सर्व्हर तनुजाचा, म्हणजे बायकोचा. लातुरात फिजिक्सची शिकवणी चालवायची तर कॉम्प्युटरवर टेस्ट हवीच. म्हणून बुडालेल्या एका क्लासचं हे धूड तिने जुन्या बाजारातून आणलं. टेस्ट चालायची, पण नवी डिस्क ते ओळखेना. उपाय एकच : बायोस, म्हणजे बोर्डाची जन्मजात अक्कल, नव्याने भरायची. भरताना वीज गेली, की बोर्ड कायमचा गेला.

मी कंपनीला फोन लावला.

“सर, जुनं मॉडेल आहे. नॉट सपोर्टेड.”

“मग आम्ही काय करायचं?”

“नवीन घ्या, सर.”

(आणि हे लोकशाहीत!) मी त्याच्या चुलत मॉडेलची फाइल शोधली, आणि पडद्यावरच्या ‘सक्तीने भरू का?’ या प्रश्नाला ठणकावून ‘हो’ म्हटलं.

“अहो, चारला टेस्ट आहे! बिलोलीहून पालक आलेत बघायला. आजच कशाला?” तनुजा म्हणाली.

“अन्यायाशी लढायला मुहूर्त लागत नाही.”

“तो मदरबोर्ड आहे, मंत्रालय नाही!”

काम अर्ध्यावर आलं आणि सर्व्हरचे सगळे पंखे एकदम पिसाळले. टेबल थरथरलं, मांडणीवरची पातेली नाचली, खिडक्या खणखणल्या. खालच्या मजल्यावरचे शेजारी जिलानीभाई ओरडले, “भूकंप! भागो!”

त्र्याण्णवच्या सप्टेंबरातल्या भूकंपापासून आमच्याकडे हा शब्द दुसऱ्यांदा उच्चारावा लागत नाही. पोरं, पालक, तनुजा, सगळे क्षणात समोरच्या मैदानात. मी एकटा पडद्यापुढे ठाम. “थोडंच राहिलंय!” म्हणतोय तोच पडदा काळा. पंखे गप्प.

मी तणतणत खाली उतरलो. “मेन स्विच कुणी पाडला?”

“मी पाडला,” जिलानीभाई छाती काढून म्हणाले.

“कुणी सांगितलं होतं?”

“तुम्हीच की, साहेब! दर सप्टेंबरात पेपरात लिहून राहिले न्हाई का? आधी मेन स्विच, मंग पळा. कात्रण मीटरच्या डब्यावर चिकटवलंय म्या.”

(माझं लिखाण कुणी वाचत नाही, ही माझी जुनी तक्रार. ती मागे घेतो.)

बोर्ड गेला तो गेलाच. तनुजाने मैदानातच फळा मागवला, पोरांना लांब लांब बसवलं आणि पहिला प्रश्न घातला : कंपन म्हणजे काय?

बिलोलीचे पालक खूश. “मॅडम, लई झाक! मोबाइल न्हाई, कॉपी न्हाई. पोरगं तुमच्याकडंच.” मग माझ्याकडे बघून, “अन् हे साहेब काय शिकवतात?”

“काही नाही,” तनुजा म्हणाली. “जुनं मॉडेल आहे. नॉट सपोर्टेड.”