विद्वांसकाकांच्या बाई

आमच्या अमेरिकेतल्या नेपरव्हिलमध्ये विद्वांसकाकांना चहाला बोलवलंत, तर चहाचं आधण तुमचं राहत नाही. काका खिशातून थर्मामीटर काढून ते उकळत्या पाण्यात बुडवतात, डोळे मिटून तापमानावरून उंचीची आकडेमोड करतात आणि जाहीर करतात, "समुद्रसपाटीपासून सातशे फूट!"

"काका, कालही सातशेच होती," मी म्हणाले.

"बाई रोज मोजायच्या. खेचरावरून पडल्या त्या दिवशीसुद्धा!"

या बाई म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच्या एक इंग्रज प्रवासी. पाठीच्या दुखण्यानं अर्धं आयुष्य कोचावर काढलेल्या. डॉक्टर म्हणाले हवापालट करा, तर ह्या हिमालय चढल्या! जिथे जायच्या तिथलं लिहायच्या, चित्रं काढायच्या. शाई गोठली की बाटली काखेत धरून ऊब द्यायच्या. लायब्ररीनं काढून टाकलेल्या पुस्तकांत त्यांचं प्रवासवर्णन सापडलं आणि जन्मभर पूल बांधलेला हा इंजिनियर कामातून गेला.

मराठी मंडळाच्या जेवणात काका रंगात आले होते. "आमच्या बाई पहाटे चारला कामाला लागायच्या. थंडीतापात खाडा नाही!"

पुण्याहून नुकतीच आलेली एक मुलगी ताट टाकून धावली. "काका, प्लीज, नंबर द्या ना! आमच्याकडे येतील?"

"येतील की. खेचर बांधायला गॅरेज आहे ना?"

जानेवारीत एकदा पाहते तर काका स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर, बर्फात, घडीच्या स्टुलावर. बोटं कापलेले हातमोजे, मांडीवर वही.

"काका, आजारी पडायचंय का? फोटो काढा एक!"

"फोटोत थंडी येत नाही गं."

मी त्यांना दटावून गाडीत घातलं आणि घरी सोडलं. काकू तीन वर्षांपूर्वीच्या अर्धांगाच्या झटक्यापासून अंथरुणात. दुपारी नर्स येते तेवढ्या वेळात हे गृहस्थ छंदापायी गावभर हिंडतात, म्हणून मी मनातून चिडलेलीच होते.

वर जाऊन, कोटही न काढता, काकांनी काकूंच्या पलंगाशी बसून वही उघडली. "प्रिय मालू, आज उत्तरेकडून पोलादी उंटांचा तांडा आला. शेवटच्या उंटातून एक म्हातारी उतरली, तिच्या पिशवीतून कोंबडी डोकावत होती..."

"अहो, थापा किती माराल!" काकू अर्ध्या ओठांनी हसल्या. पण हात वहीकडेच. कोंबडीचं चित्र त्यांनी बोटानं चाचपून पाहिलं. कपाटात अशा वह्यांची थप्पी होती.

दारापर्यंत सोडायला आले तेव्हा काका म्हणाले, "बाईंचं सगळं पुस्तक म्हणजे बहिणीला लिहिलेली पत्रं. ती आजारी, घराबाहेर पडू न शकणारी. तिच्यासाठी बाई जग बघायच्या."

"आणि बहीण गेल्यावर?"

बाईंच्या खेचराचं नाव ठाऊक असलेला हा माणूस दाराबाहेरच्या कठड्यावरचा बर्फ झटकत राहिला.

"शेवटचं प्रकरण मी वाचलेलं नाही."

वरून काकूंची हाक आली, "अहो, त्या कोंबडीचं पुढे काय झालं?"

"आलो, आलो!" म्हणत काका दोन-दोन पायऱ्या चढत गेले.